ऑदेतकडे

दमास्कस
२० जानेवारी १९७२
(तानियूसच्या हाती)

प्रिय ऑदेत,

अक्षर ओळखलंस का? सिस्टर क्लेमाँस म्हणायच्या, नझीराची अक्षरं प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलींसारखी सरळ असतात. आता त्या मुलींना पोक आलंय.

तुझा पत्ता सिस्टरांनीच दिला. मी विचारलं, "माझी बहीण बरी आहे का?" तर म्हणाल्या, "बरी? चांगली गोल झालीय! फोटो पाठवला होता तिने." दर नाताळला तू त्यांना कार्ड पाठवतेस हे मला त्या दिवशी कळलं. कॉन्व्हेंटच्या त्या थंडगार बाकावर बसून मी तुझा फोटो बघत राहिले. मांडीवर मांजर, आणि हनुवटी अगदी आईची. आई गेल्याचं तुला कोणी कळवलं होतं का गं? बाबा आहेत. पाय गेलेत, जीभ शाबूत आहे. चर्चमध्ये तुझं लग्न झालं त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही, आणि त्यांच्यासमोर आम्हीही नाही.

आधी एक नियम सांगते. पोस्टाने जे पत्र येईल त्यातलं काहीही खरं मानू नकोस. ते तुझ्याआधी दुसरं कोणीतरी वाचतं. खरं पत्र तानियूस आणेल. तो टॅक्सीवाला, झाहलेचा, भला माणूस आहे. बोलतो फार, पण कामाचं बोलत नाही. वाचलंस की चुलीत टाक. तूही पोस्टाने लिही, अधूनमधून, हवापाण्याचं. बैरूतला बहीण असून एकही पत्र येत नाही, हेसुद्धा इथे संशयाचं होऊ शकतं.

आता मुद्द्याचं. माझ्या राशेलला तू पाहिलंस तेव्हा ती दुपट्यात होती. तिचं लग्न झालं, तिला पाच वर्षांची मुलगी आहे, लूलू. नवरा सलीम गेल्या ऑक्टोबरात पाव आणायला म्हणून बाहेर पडला. आता तो इटलीत आहे असं म्हणतात. आपल्या यहुद्यांना देश सोडायला बंदी, म्हणून तेव्हापासून राशेलला दर रविवारी पोलिसांच्या कचेरीत सहीला जावं लागतं. तिथे कधी अर्धा तास बसवतात, कधी दिवसभर. परत येते तेव्हा मी काही विचारत नाही, ती काही सांगत नाही, आणि आम्ही दोघी भांडी घासतो. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो, सूर्यफुलाच्या बिया चावत. पायाशी टरफलांचा ढीग बघून मला कळतं तो कधीपासून आहे.

तुझ्याकडे दोन माणसं राहू शकतील का? एक मोठं, एक लहान. थोडे दिवस, सलीम पुढचं बघेपर्यंत. हो किंवा नाही एवढंच तानियूसला सांग. नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन.

हे खोटं आहे. नाही समजून घेणार.

तुझी,
नझीरा


दमास्कस
३ फेब्रुवारी १९७२
(पोस्टाने)

प्रिय ऑदेत,

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. बाबांची प्रकृती वयाच्या मानाने उत्तम आहे. यंदा थंडी बेताची पडली. जर्दाळूला लवकर मोहर येईल असे वाटते. सरकारने आमच्या गल्लीत नवे दिवे लावले, त्यामुळे फार सोय झाली.

तुझ्या यजमानांना नमस्कार.

नझीरा


५ मार्च १९७२
(तानियूसच्या हाती)

ऑदेत,

तानियूस दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, बहिणीने हो सांगितलंय, आणि वर मला शिव्या दिल्या, की एवढा उशीर का लावला." मी दार लावलं आणि तिथेच खाली बसले.

पोस्टाचं पत्र तुला आवडलं म्हणतेस! अगं, कॉन्व्हेंटातलं पत्रलेखन इतक्या वर्षांनी कामाला आलं. आधी प्रकृती, मग हवा, मग नमस्कार, आणि मधे काहीच नाही. सिस्टरांनी मला दहापैकी नऊ दिले असते.

वल्हांडण झालं की सतरा एप्रिलची सुट्टी येते. त्या दिवशी सगळीकडे झेंडे, बँडबाजा, रस्त्यावर गाड्यांची रीघ. सीमेवरच्या चौकीत मिठाई वाटतात आणि कागद नीट बघत नाहीत, असं तानियूस म्हणतो. त्याची बायको सोबत असेल. लूलू त्याच्या भाचीच्या कागदावर जाईल, मारी नावाने. राशेलसाठी डोंगरातली दुसरी वाट ठरलीय, ती त्याच दिवशी. त्याबद्दल मी लिहीत नाही. त्याबद्दल मी विचारही करत नाही. विचार आला की उठून पायऱ्या धुते. पायऱ्या अगदी स्वच्छ झाल्यात.

तू विचारलंस, मी का नाही येत. बाबांना कोण उचलणार?

घर तू सोडलंस तसं राहिलेलं नाही. अंगणापलीकडच्या खोल्या शम्मूनकाकांच्या होत्या ना? ते सगळे गेले, मग त्या खोल्या सरकारने एका पॅलेस्टिनी कुटुंबाला दिल्या. उम्म नबील, तिचा मुलगा नबील, सून आणि नात हनान. हनान आणि लूलू एका वयाच्या; दिवसभर हौदाच्या काठावर एकमेकींच्या झिंज्या ओढतात. उम्म नबील हैफाची, अठ्ठेचाळीसच्या लढाईत तिथून हाकललेली. कपडे वाळत घालताना ती माझ्याकडे न बघता बोलते, मीही तिच्याकडे न बघता उत्तर देते. तिचा मुलगा कुठे कामाला आहे ते मला माहीत नाही. बूट मात्र चांगले असतात त्याचे.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. लूलू कुठे जाणार, कोणाकडे जाणार, काहीच नाही. कसं सांगू ते तूच सांग.

नझीरा


२ एप्रिल १९७२, रविवार सकाळ
(तानियूसच्या हाती)

ऑदेत,

सणाचे पहिले दोन दिवस आणि लागून शब्बाथ, त्यामुळे पेन धरलंच नव्हतं. समोर परातीत तांदूळ आहे. एकदा निवडून झालाय, अजून दोनदा व्हायचाय. तू आता सणाचा तांदूळ तीनदा निवडत नसशील. की निवडतेस?

राशेल सहीला गेलीय. लूलूलाही नेलं, बाबांना सकाळपासून गरगरतंय, मला त्यांच्यापाशी बसायचं होतं आणि पोरगी एका जागी ठरत नव्हती. तोवर तुला सणाची रात्र सांगते.

खिडक्या लावल्या, फटींत रजया कोंबल्या. बाबांना उशांवर टेकवून बसवलं. ते म्हणाले, "यंदा खांद्यावर लूलू घेईल. मोठी झाली ती." मग मी बेखमीर भाकरी रुमालात बांधून तिच्या उजव्या खांद्यावर दिली. आठवतं? कोणी आधी घ्यायची म्हणून आपण भांडायचो आणि तू माझी वेणी ओढायचीस. लूलू तर नवरीसारखी चालत आली, एक हात गाठोड्यावर, एक कमरेवर.

बाबांनी विचारलं, "कुठून आलीस गं?"

"मिसरहून!"

"आणि कुठे चाललीस?"

"यरुशलेमला!"

ऑदेत, सदुसष्टच्या लढाईपासून हे शेवटचं उत्तर आम्ही मोठ्याने म्हणत नाही. नुसते ओठ हलवतो. मोठ्यांना ते कोणी शिकवलं नाही, आपोआप झालं, आणि म्हणूनच लूलूला सांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. ती अशी ओरडली, की भिंतीवरच्या थाळ्या वाजल्या. राशेलने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. अंगणापलीकडे उम्म नबीलचा रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

 मग बाबा हसायला लागले. "आवाज बघा पोरीचा!" म्हणाले. "अगदी..." आणि तोंड मिटलं. कोणासारखा ते बोलले नाहीत. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे.

सकाळी कपडे वाळत घालताना उम्म नबील म्हणाली, "रात्री तुमची पोर कुठे निघाली होती?"

मी म्हटलं, "सणाचा खेळ असतो आमचा. जुना."

ती चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, "निघाल तेव्हा मला हाक मारा. मला हैफाला उतरायचंय."

यात थट्टा किती आणि धमकी किती, ते मी अजून ठरवतेय. लूलूला मात्र खेळ इतका आवडला, की दोन दिवस उशी खांद्यावर घेऊन घरभर फिरतेय आणि मांजरालासुद्धा विचारतेय, कुठून आलास, कुठे चाललास.

बाबांनी हाक मारली. पुढचं नंतर.


त्याच दिवशी, संध्याकाळी

तांदूळ तसाच आहे.

दुपारी जीप आली. जीपमध्ये लूलू होती, दोन माणसं होती, राशेल नव्हती. लूलू उतरून धावत आली. आजीला दाखवायला हातात चॉकलेट होतं. म्हणाली, "तेता, त्या काकांना पण आपला खेळ येतो!"

मी म्हटलं, "कुठला खेळ?"

"त्यांनी विचारलं, कुठून आलीस गं बाहुले? मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आणि कुठे चाललीस? तेही सांगितलं. मग ते म्हणाले, परत सांग. मग दुसऱ्या काकांना बोलावलं आणि म्हणाले, आता यांना सांग." आणि मग चॉकलेट माझ्या हातात देत, "मी खाल्लं नाही हं. सण आहे ना."

त्यातला वयस्कर माणूस बाबांच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसला. फार सभ्य. मी कॉफी केली, ती प्यायला. दुसरा कपाटं उघडत होता.

"आजोबा, मिसरमध्ये कोण असतं तुमचं?"

बाबा म्हणाले, "होता एक फारो. तो बुडाला."

मी बाबांच्या पाठीला चिमटा काढला. त्यांना समजला नाही, किंवा समजला.

तो माणूस हसला नाही. "फारो मलाही माहीत आहे. मूसाही माहीत आहे. मला दुसऱ्या गावाचं सांगा. पोरीला तिकडे जायचंय असं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. हजार वर्षं आम्ही असंच म्हणतो, आणि हजार वर्षं याच गल्लीत राहतो. जायचं असतं तर गेलो नसतो का?"

"तुमचा नातजावई गेला."



जाताना तो दारात थांबला. माझ्याशी अगदी घरच्यासारखं बोलला, "बाई, पोरं घरात ऐकतात तेच बाहेर बोलतात. तुमची मुलगी आमच्याकडे आहे थोडे दिवस. तिच्याकडून आम्हाला हा खेळ नीट समजून घ्यायचाय." आणि लूलूच्या डोक्यावर हात फिरवला.

लूलू विचारतेय, आई कधी येणार. मी सांगितलं, उद्या. 


९ एप्रिल १९७२
(पोस्टाने)

प्रिय ऑदेत,

वल्हांडणाचा सण आनंदात पार पडला. राशेल काही दिवस मैत्रिणीकडे गेली आहे, त्यामुळे घर शांत आहे. हवा आता चांगली उबदार झाली. बाबा तुमच्या सर्वांची आठवण काढतात.

नझीरा


१४ एप्रिल १९७२
(तानियूसच्या हाती)

ऑदेत,

मंगळवारी राशेलला भेटू दिलं. दोघींच्या मधे टेबल, टेबलाच्या टोकाला पहारेकरी. मी कपडे दिले. तिचा एक डोळा सुजलाय. म्हणाली, दारावर आपटले. मी म्हटलं, जपून चालावं.

मग ती म्हणाली, "सोमवारी येऊ नकोस मम्मा, सुट्टी आहे, कचेरी बंद असते. त्यापेक्षा लूलूला फिरायला ने. घरात बसून पोर कोमेजते. ठरलं होतं तसंच ने." आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला मान डोलवावीच लागली. पहारेकरी नखं कोरत होता. म्हणजे आईवाचून पोर पाठवायची. आईनेच सांगितलंय.

म्हणून आता तयारी करतेय, आणि ती होत नाहीय. कुठून आलीस विचारलं तर 'दमास्कसहून' आणि कुठे चाललीस विचारलं तर 'घरी' म्हणायचं, एवढंच. लूलूला सगळं समजतं. "आता माझं नाव मारी, हो ना तेता?" पण मी प्रश्न विचारला रे विचारला, की तिचा हात कमरेवर जातो, मान वर होते, आणि तोंडातून मिसर आणि यरुशलेम असं बाहेर पडतं, की माझा जीव जातो. मग स्वतःच दातांत जीभ धरते. मी रागावले. पहिल्यांदा तिला चापट मारली. मग दोघी रडलो.

बाबांपासून लपवणं शक्य नव्हतं. शेवटी सांगितलं, पोरीला सोमवारी पाठवतेय. त्यांनी विचारलं, कोणाकडे? मी तुझं नाव घेतलं. एवढ्या वर्षांत या खोलीत ते पहिल्यांदा उच्चारलं गेलं. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. मला वाटलं, संपलं, आता हे ओरडून गल्ली गोळा करतील.

काल संध्याकाळी मी लूलूला घेऊन पुन्हा तेच करत होते. भिंतीकडूनच आवाज आला, "चुकीचं विचारतेस तू."

"काय चुकलं?"

"सणासारखं विचारतेस, गोड आवाजात. पोलीस असा विचारतो का? इकडे आण तिला." मग उशीवर कोपर टेकून इतक्या वर्षांच्या तंबाखूने घोगऱ्या झालेल्या आवाजात ओरडले, "ए पोरी! कुठली गं तू?"

लूलू दचकली आणि म्हणाली, "दमास्कसची."

"शाबास. आणि कुठे निघालीस?"

"घरी."

बाबांनी मान हलवली. "नाही. नझीरा, बघ तू. घरी म्हणताना ती या दाराकडे बघते. चौकीवर कुठल्या दाराकडे बघेल? पोराला खोटं द्यायचं नाही तोंडात, ते गळून पडतं. खरं काय ते द्या."

"खरं काय, बाबा?"

त्यांनी पोरीला जवळ ओढलं. मग लूलूला म्हणाले, "म्हण, ऑदेतकडे."

"ऑदेत कोण, जिद्दो?"

"माझी मुलगी."

मी स्वयंपाकघरात गेले. तिथून ऐकत राहिले. ते विचारत होते, कुठे चाललीस? आणि ती सांगत होती, ऑदेतकडे. पुन्हा पुन्हा. मध्येच एकदा बाबा म्हणाले, "मोठ्याने म्हण. मला कमी ऐकू येतं." त्यांना अगदी नीट ऐकू येतं, ऑदेत. गल्लीतल्या माणसाने बी फोडली तरी ऐकू येतं.

सोमवारी. 

नझीरा


२५ एप्रिल १९७२
(तानियूसच्या हाती)

ऑदेत,

तुझा निरोप तानियूसने दिला: पोचली, जेवली, झोपली. तो निघून गेल्यावरही मी ते तीन शब्द म्हणत होते. चौकीवरचं त्याने तुला सांगितलंच असेल, पण मला सांगितलं तसं मी लिहितेय, कारण लिहिल्याशिवाय ते झालं असं मला वाटतच नाही.

गाड्यांची रांग, झेंडे, कर्ण्यावर गाणी. तरुण पोलीस, तोंडात हलवा. कागद बघितले, परत दिले, आणि सहज खिडकीतून वाकून गोड आवाजात विचारलं, "आणि ही बाहुली कुठून आली?"

गोड आवाजात! बाबांनी तो प्रकार सोडून सगळे करून घेतले होते.

लूलूचा हात कमरेवर गेला. म्हणाली, "मिसरहून!"

तानियूस सांगतो, "मॅडम, माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाय क्लचवर होता तो उचलता येईना." पण त्याची बायको! ती कपाळावर हात मारून म्हणाली, "ऐका! मेलीला काल सिनेमाला नेलं, तर सकाळपासून इजिप्तची हिरॉइन झालीय. म्हणे मी आता गाणं म्हणणार, नाचणार. साहेब, तुम्हीच दोन फटके द्या."

पोलीस हसला. म्हणाला, "बरं, आणि आता हिरॉइनबाई कुठे चालल्यात?"

तानियूसची बायको हसतच राहिली, पण तिने लूलूचा हात इतका घट्ट दाबला, की वळ उठला म्हणे. लूलू त्या पोलिसाकडे बघत राहिली. बघत राहिली. मग म्हणाली, "ऑदेतकडे."

"ऑदेत कोण?"

"आजोबांची मुलगी."

त्याने तिला हलव्याचा तुकडा दिला आणि गाडी सोडली.

मी बाबांना हे सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "शेवटी काय म्हणाली?" मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. आज सकाळी पुन्हा.

इथलंही ऐक. शनिवारी गल्लीतला हवालदार माणसं मोजायला आला. हा नवा आहे, चेहरे ओळखत नाही. यादीत बघतो आणि बोटाने मोजतो. "म्हातारा एक. म्हातारी एक. पोरगी कुठाय?"  तेवढ्यात अंगणातून उम्म नबील ओरडली, "काय गोंधळ आहे? ए लूलू, जा बाई, तुझ्या आजीकडे जा, साहेबांना तोंड दाखव." आणि तिची हनान चालत आली, बोट तोंडात, माझ्या मांडीला चिकटून उभी राहिली. हवालदाराने बोट दाखवलं, मोजलं, गेला.

मी उम्म नबीलकडे बघितलं. पहिल्यांदा तिनेही माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार, तर म्हणाली, "आभार नको मानूस. तुझ्यासाठी नाही केलं. मेल्याने बुटाने माझी धुतलेली फरशी घाण केली, लवकर जावा म्हणून केलं." बादली उचलली. मग पाठमोरी म्हणाली, "तुमची हौदाकडची खोली रिकामी आहे नं? नबीलला जागा पुरत नाही."

खोली दिली. काल त्याने सामान हलवलं. आता त्याची खिडकी माझ्या स्वयंपाकघरासमोर आहे. रात्री त्याचे बूट दाराबाहेर दिसतात आणि मी विचार करत बसते, की आईने त्याला सांगितलंय की नाही.

राशेल अजून आत आहे. मला पुन्हा भेटीला बोलावलेलं नाही. गाडीचा आवाज झाला, की बाबा आणि मी बोलणं थांबवतो. इतकं, की काल गाडी गेल्यावरही बराच वेळ आम्ही बोलायचं विसरलो.

तानियूस म्हणतो, आता काही महिने तो येणार नाही. चौकीवर तो पोलीस त्याला 'हिरॉइनचा मामा' म्हणून हाक मारायला लागलाय. नाव ठेवलं म्हणजे चेहरा लक्षात राहिला. बरोबर आहे त्याचं. म्हणजे हे शेवटचं खरं पत्र. यापुढे पोस्टाने. तुला समजेल.

लूलूला जवळ घे.

नझीरा


दमास्कस
१८ जून १९७२
(पोस्टाने)

प्रिय ऑदेत,

आम्ही सर्व खुशाल आहोत. राशेल मैत्रिणीकडून परत आली. जरा बारीक झाली आहे, परंतु आता नीट जेवते. सध्या ती फार बोलत नाही; उन्हाळ्यात तिचे असेच होते. बाबांची प्रकृती ठीक आहे. रोज संध्याकाळी ते तुझ्याकडची हवा कशी आहे ते विचारतात.

लूलूही मजेत आहे. दिवसभर अंगणात खेळते. तिला भेंडी अजिबात आवडत नाही, ताटात दिसली तरी रुसते. वरणात लिंबू पिळले तर मात्र दोन वाट्या पिते. रात्री खोलीचे दार थोडे उघडे लागते, पूर्ण उघडे नको आणि पूर्ण बंदही नको. झोपताना कोणाचा तरी कान धरते. कान आधी गार असावा लागतो. हे सर्व आम्हाला अगदी सवयीचे झाले आहे.

तुझ्या शेजारच्या मारीबद्दल तू लिहितेस ते वाचून राशेलला फार करमणूक होते. तुझे पत्र तिने इतक्या वेळा वाचले, की घडीवर फाटले. ती मुलगी तुझ्या मांजराला गाणे शिकवते हे वाचून बाबाही हसले.

मारीचा वरचा दात हलतो असे तू लिहिले होतेस. पडला असेल तर तिला उन्हात उभी करून दात सूर्याकडे फेकायला लाव. आमच्याकडे मुलांकडून तसेच करून घेतात, आणि बाजूला आईने उभे राहायचे असते. तू उभी राहा.

राशेल विचारते, दात पडला तेव्हा मारी रडली का, आणि रडली तर तिने कोणाला हाक मारली.

तुझ्या यजमानांना नमस्कार.

नझीरा